चौकटीच्या बाह्या: दार-खिडक्यांच्या उभ्या लाकडांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधणारे, सदनिकेची दुरुस्ती काढणारे आणि जुने वाडे सांभाळणारे वाचक चौकटीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जेथे विषय जुळतो तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाही म्हणजे चौकटीचा नेमका कोणता भाग?

चौकटीत वरचे आडवे लाकूड असते ती गणेशपट्टी, खालचे आडवे लाकूड म्हणजे उंबरठा, आणि या दोहोंना जोडणारी डावी-उजवीकडची दोन उभी लाकडे म्हणजे बाह्या. सुतार त्यांना नुसते ‘उभे’ म्हणतात, बांधकामाच्या जागी ‘जांब’ हा इंग्रजी शब्दही चालतो, आणि मंदिराच्या दारात याच भागाला ‘शाखा’ म्हणतात (प्रश्न १५ पाहावा). बाहीला फळी (दाराचा उघडझाप होणारा भाग) टेकावी म्हणून तिच्या एका कडेला जी पायरीसारखी खाच काढलेली असते, तिला रिबेट म्हणतात. बाही आणि गणेशपट्टी कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) व भोक अशा सांध्याने जोडतात. चांगल्या सांध्यात नुसत्या खिळ्यांवर भिस्त नसते, आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असते.

२. दोन्ही बाह्या सारख्याच दिसतात. मग त्यांचे काम वेगळे असते का?

एका फळीच्या दारात ते पूर्णपणे वेगळे असते. एक बिजागरीची बाही आणि दुसरी कुलपाची बाही. दाराचा सगळा भार बिजागरीची बाही उचलते. कुलपाची बाही एरवी रिकामी उभी असते आणि दार आपटले किंवा कोणी फोडू पाहिले तरच तिच्यावर ताण येतो.

भाराचा अंदाज सोप्या हिशेबाने येतो. सुमारे ४० किलो वजनाची, ९० सेंटिमीटर रुंद फळी धरली, तर तिचे वजन बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर एकवटले आहे असे मानता येते. वरची व खालची बिजागरी यांच्यात दीड मीटर अंतर असेल, तर वरची बिजागरी बाहीला आडव्या दिशेने सुमारे १२ किलोच्या जोराने सतत खेचत राहते आणि खालची तेवढ्याच जोराने रेटत राहते. त्यात ३० किलोचे मूल हँडलला लोंबकळले की वरचे खेचणे एकदम २९ किलोच्या आसपास जाते. मुलांना दारावर झोके घेऊ नका असे घरातली वडीलधारी माणसे सांगत आली, त्याचे गणित हे आहे.

जुन्या वाड्यांत मात्र ही स्थिती नव्हती. तेथील जाड फळ्या बिजागरीवर टांगलेल्या नसत. फळीच्याच खाली-वर काढलेल्या खुंट्यांवर त्या फिरत, आणि खालची खुंटी उंबरठ्यातील किंवा दगडातील खळग्यात बसत असे. वजन थेट जमिनीवर उतरत असल्यामुळे बाहीला फक्त फळी अडवण्याचे काम उरत होते. लोखंडी बिजागरी आली आणि उंबरठ्यावरचे ओझे बाहीच्या खांद्यावर आले. दाराच्या बहुतेक तक्रारी फळीच्या नावाने सांगितल्या जातात, पण मूळ शोधत गेले की ते बाहीत सापडते, याचे कारणही हेच आहे.

३. बाहीचे माप किती घ्यावे? कंत्राटदार ‘चार बाय अडीच’ म्हणतो, सुतार ‘पाच बाय अडीच’ म्हणतो.

दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असू शकते. लाकडी चौकटींसाठीचे भारतीय मानक आयएस ४०२१ हे आहे. एका फळीच्या आतल्या दाराला साधारण १०० बाय ६० मिलिमीटरची, म्हणजेच बाजारातली ‘चार बाय अडीच’ची, बाही पुरते. मात्र त्याच चौकटीला पुढे जाळीचे दार लावायचे असेल, तर दोन्ही बाजूंना खाच लागते. ३५ मिलिमीटर मुख्य फळीला आणि ३० मिलिमीटर जाळीच्या दाराला दिल्यावर चार इंचांत मधला टेकू जेमतेम ३५ मिलिमीटर उरतो, म्हणून तेथे पाच इंच घ्यावे. प्रवेशद्वारालाही पाच इंचच बरे. खाचेची खोली १२ ते १५ मिलिमीटर असावी. रंधा मारल्यावर प्रत्येक बाजूला थोडे लाकूड जाते, त्यामुळे ठरलेले माप रंध्याआधीचे की नंतरचे हे दर ठरवतानाच विचारून घ्यावे. भांडणे बहुधा याच एका मुद्द्यावरून होतात.

४. नकाशात दार तीन फुटांचे होते, पण फ्रिज आत गेला नाही. असे कसे?

नकाशातील माप बहुधा भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागेचे असते. ९०० मिलिमीटरच्या जागेत दोन्हीकडे ६० मिलिमीटरच्या बाह्या बसल्या की ७८० उरतात. दार काटकोनात उघडले तरी फळीची जाडी वाटेत येते. ३५ मिलिमीटरची फळी आणि १५ मिलिमीटरची खाच असेल तर ती सुमारे २० मिलिमीटर आत डोकावते, आणि प्रत्यक्ष वाट ७६० मिलिमीटरची, म्हणजे अडीच फुटांची राहते. फळी भिंतीपर्यंत पूर्ण उघडत असेल तर हे २० मिलिमीटर परत मिळतात.

घरात चाकांची खुर्ची वापरणारे कोणी असेल, तर हा हिशेब आधीच करावा. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये अशा वापरासाठी ९०० मिलिमीटरची मोकळी वाट अपेक्षित आहे. तेवढी मिळण्यासाठी भिंतीत साधारण १०५० मिलिमीटर जागा सोडावी लागते.

५. बाहीसाठी लाकूड कोणते? फळी फ्लशची (प्लाय लावलेली सपाट) असेल तरी सागच हवा का?

सागाचा आग्रह फळीपेक्षा बाहीसाठी अधिक योग्य आहे. फळी खराब झाली तर सुट्टीच्या दिवशी बदलता येते, बाही बदलायची म्हणजे प्लास्टर, रंग आणि कधी फरशीही फोडावी लागते. साग कमी आकसतो, कमी पीळ घेतो आणि त्यात स्क्रू घट्ट बसतो. साल आणि ऐन ही लाकडे मजबूत आहेत, पण जड आणि कामाला कठीण. नीट सुकलेली नसतील तर ती चिरतात. आयात होणारी मेरांती मऊसर व स्वस्त असते आणि आतल्या खोल्यांना चालते.

लाकूड कोणतेही असो, ते सुकलेले असणे जातीहूनही महत्त्वाचे आहे. निवडताना बाहीचे एक टोक डोळ्याला लावून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकावी. बाक किंवा पीळ लगेच दिसतो. खालच्या टोकाला पांढुरके कच्चे लाकूड असेल, तर ती बाही बाजूला ठेवावी, कारण वाळवी आधी तेथेच शिरते (प्रश्न १२).

६. चौकट उभी करताना मी स्वतः काय तपासू? मला सुतारकामातले कळत नाही.

एक ओळंबा, एक दोरी आणि मोजपट्टी एवढे पुरेसे आहे. ओळंबा प्रत्येक बाहीच्या दोन बाजूंना लावावा, एकदा तोंडाच्या बाजूला आणि एकदा आतल्या कडेला. एकाच बाजूने ओळंबा लावून ‘बरोबर आहे’ म्हणणे ही सर्वांत जास्त घडणारी चूक आहे. सात फुटांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक खपवून घेऊ नये. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असले तर चौकट गुण्यात (काटकोनात) आहे. शेवटी समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या तिरप्या ताणाव्यात. त्या मध्यभागी एकमेकींना जेमतेम स्पर्श करत असतील तर दोन्ही बाह्या एका पातळीत आहेत. एक दोरी दुसरीला ढकलत असेल किंवा दोहोंत फट असेल तर चौकटीला पीळ आहे, आणि तेव्हा प्रत्येक बाही स्वतंत्रपणे तीन मिलिमीटरच्या मर्यादेत असली तरी दार एका कोपऱ्यात टेकणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट पाहावी. बाह्यांच्या बरोबर मध्यावर आडवी पट्टी ठोकलेली असते. बाहीमागे वीट किंवा काँक्रीट भरताना बाही पोटातून आत फुगू नये म्हणून ती असते. ढकलगाडी जात नाही म्हणून मजूर ती पट्टी काढतात, भराव होतो, आणि महिन्याभराने सुतार म्हणतो की फळी वर-खाली बसते पण मध्ये घासते. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजली की हा दोष प्लास्टरआधीच कळतो.

७. होल्डफास्ट किती लावावेत?

होल्डफास्ट म्हणजे बाही भिंतीला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी. दाराच्या प्रत्येक बाहीला तीन आणि खिडकीच्या प्रत्येक बाहीला दोन. सरकारी कामांत ४० बाय ५ मिलिमीटरच्या पट्टीचे, सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचे होल्डफास्ट १:३:६ प्रमाणाच्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटच्या ठोकळ्यात पुरण्याची पद्धत आहे, आणि घरच्या कामातही तीच पाळावी.

हे सर्वसाधारण वीटकामाचे झाले. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याच्या भिंतीत होल्डफास्ट नुसता खाच मारून बसवला तर चिरा कालांतराने भुगा होऊन सुटतो, म्हणून तेथे काँक्रीटचा ठोकळा टाळूच नये. हलक्या सिपोरेक्स ठोकळ्यांच्या भिंतीत साधे फास्टनर धरत नाहीत. बांधकाम चालू असतानाच होल्डफास्टच्या उंचीवर काँक्रीटचे ठोकळे घालून घ्यावेत.

८. आतल्या खोल्यांना उंबरठा ठेवला नाही तर बाह्यांना काही धोका?

उंबरठा दोन्ही बाह्यांचे पाय बांधून ठेवतो. तो नसला तर पाय मोकळे राहतात, म्हणून बाह्या फरशीच्या पातळीखाली सुमारे दीड इंच नेऊन पक्क्या कराव्यात आणि फरशीचा थर घट्ट होईपर्यंत पायथ्याची तात्पुरती आडवी पट्टी काढू नये. अपवाद न्हाणीघराचा. तेथे लाकूड फरशीखाली नेणे म्हणजे त्याला पाण्यात उभे करणे होय (प्रश्न १३).

९. दार सोडले की आपोआप उघडते किंवा बंद होते. वारा नसतानाही.

बिजागरीची बाही ओळंब्यात नाही. यासाठी एक नियम लक्षात ठेवावा: बाहीचे वरचे टोक ज्या दिशेला झुकले असेल, त्या दिशेला दाराची मोकळी कड जाऊ पाहते. बाही खोलीच्या आत झुकलेली असेल तर दार आत उघडून काटकोनात थांबते. ती चौकटीच्या पोकळीकडे झुकलेली असेल तर दार आपोआप लागते, आणि भिंतीकडे झुकलेली असेल तर सताड उघडते.

फरक थोडा असेल तर चौकट काढण्याची गरज नाही. एका बिजागरीमागे पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लायची पट्टी घालून दोन्ही बिजागऱ्या एका ओळंब्यात आणता येतात. बिजागरीची खीळ काढून तिला हातोडीने किंचित बाक देणे हा सुतारांचा जुना तोडगा आहे. त्याने घर्षण वाढते आणि दार जागेवर राहते. तो उपाय झाकाझाकीचा आहे हे खरे, पण भाड्याच्या घरात तेवढा पुरतो.

१०. दार खाली टेकते, फरशीवर अर्धगोल चरा उमटला आहे. खालून रंधा मारून घेऊ का?

आधी एक परीक्षा करावी. दार अर्धे उघडून मोकळ्या कडेला दोन्ही हातांनी धरून वर उचलावे आणि दुसऱ्या कोणाला वरच्या बिजागरीकडे पाहायला सांगावे. बिजागरीचे पान बाहीपासून हलत असेल तर स्क्रू सैल झाले आहेत. बिजागरी स्थिर राहून खीळ खडखडत असेल तर बिजागरी झिजली आहे. आणि बाहीच हलत असेल, तिच्या कडेची प्लास्टरची चीर उघडत-मिटत असेल, तर होल्डफास्ट सुटला आहे.

पहिल्या प्रकारात एक स्क्रू काढून त्याच्या जागी पाऊण इंचाचा नव्हे, तीन इंचांचा स्क्रू घालावा. तो बाही ओलांडून मागच्या काँक्रीटमधील प्लगपर्यंत गेला पाहिजे. काड्यापेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून जुनेच स्क्रू पिळणे हलक्या दाराला वर्षभर चालते. तिसऱ्या प्रकारात बाही मोकळी करून नवा होल्डफास्ट बसवण्याला पर्याय नाही. रंधा मात्र तिन्ही प्रकारांत चुकीचा आहे, कारण दार उद्या आणखी उतरेल आणि खालची फट कायमची राहील.

११. पावसाळ्यात दार अडकते आणि दिवाळीनंतर नीट लागते. यात बाहीचा दोष किती?

बहुधा कमी. लाकूड ओलावा घेते तेव्हा त्याची लांबी जवळपास वाढत नाही. वाढ आडवी होते, आणि तीही वार्षिक वलयांच्या दिशेने, वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट. बाही अडीच इंच जाड असते आणि फळी अडीच-तीन फूट रुंद, त्यामुळे फुगवट्याचा मोठा वाटा रुंद फळीकडून येतो. मात्र बाही नीट न सुकलेल्या लाकडाची असेल तर ती बाक घेते, आणि मग दार फक्त एकाच उंचीवर, बहुतेक मध्यभागी अडकते. सबंध कडेने घासत असेल तर फळी, एकाच जागी घासत असेल तर बाही, असे ढोबळपणे समजावे.

जुलैत रंधा मारू नये. त्याच दाराला जानेवारीत बोट जाईल एवढी फट पडते. आधी फळीच्या वरच्या आणि खालच्या कडा पाहाव्यात. या दोन कडांना रंगारी ब्रश लावत नाही, आणि ओलावा तेथूनच शिरतो. कोरड्या दिवसांत त्या कडा रंगवून घेतल्या की पुढच्या पावसाळ्यात निम्मी तक्रार उरते. नव्या दारात सर्व बाजूंनी सुमारे तीन मिलिमीटर फट ठेवावी.

१२. बाही वरून चांगली दिसते, पण ठोकल्यावर पोकळ आवाज येतो.

वाळवी आहे. ती उजेड टाळते, म्हणून बाहीच्या भिंतीकडील बाजूने वर चढते आणि तैलरंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत ठेवते. आमच्या ओळखीच्या एका घरात नुकत्याच रंगवलेल्या बाहीला खालून चार बोटांवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना ओलसर माती घेऊन आला. वरचा रंग तोवर आरशासारखा चकचकीत होता.

तपासणी पायथ्यापासून दर सहा इंचांवर करावी. पोकळी फूट-दीड फुटापर्यंतच असेल, तर तेवढा भाग तिरपा कापून त्याच लाकडाचा तुकडा सांधता येतो. कुलपाच्या बाहीला हा सांधा टिकतो. बिजागरीच्या बाहीला तो खालच्या बिजागरीपर्यंत पोहोचत असेल तर संपूर्ण बाही बदलावी, कारण प्रश्न २ मधील भार सांध्यावर येतो. लाकूड बदलण्याआधी जमिनीत व भिंतीत वाळवीविरोधी औषध टोचून घेतले नाही, तर नवी बाही हे फक्त नवे खाद्य ठरते. नव्या चौकटीत भिंतीला व फरशीला लागणाऱ्या बाजूंना बसवण्यापूर्वीच डांबर फासावे.

१३. न्हाणीघराला लाकडी बाही की ग्रॅनाइटची?

लाकडी नको. ग्रॅनाइटच्या बाह्या पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाहीत, म्हणून सदनिकांत त्या सर्रास बसवतात. त्यांचे दुखणे बिजागरीपाशी असते. १८-२० मिलिमीटर जाडीच्या लादीच्या कडेजवळ भोक पाडले की तुकडा उडतो, आणि एकदा उडाला की स्क्रूला जागा राहत नाही. भोके कडेपासून पुरेशी आत, हातोडीचा ठोका न देता पाडावीत, आणि बिजागरीमागे लादी पोकळ न ठेवता सिमेंटने भरून घ्यावी. फळी हलकी, पीव्हीसी किंवा एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची), निवडावी. डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या) बाह्याही चालतात, मात्र त्यांत स्क्रूआधी बारीक भोक पाडावे लागते, आणि जड दार त्यांना टांगू नये.

१४. खिडकीच्या बाहीला हे सर्व लागू पडते का?

लाकडी, बिजागरीच्या खिडकीला लागू पडते, फक्त वजन कमी असते. सरकत्या ॲल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या खिडकीत भार खालच्या रुळावर असतो आणि बाही केवळ वारा-पाणी अडवते. तेथे प्रश्न गळतीचा येतो. पाणी बहुतेक वेळा बाही आणि भिंत यांच्यामधील फटीतून येते, म्हणून बाहेरची सिलिकॉनची रेघ अखंड आहे का ते आधी पाहावे. ती ओल्या किंवा धुळीच्या पृष्ठभागावर मारली असेल तर नखाने पट्टीसारखी सुटून येते.

१५. मंदिराच्या दाराला ‘पंचशाख’, ‘सप्तशाख’ म्हणतात. त्याचा बाहीशी काय संबंध?

दगडी बाही उभ्या पट्ट्यांत विभागून कोरलेली असते, आणि प्रत्येक पट्टी म्हणजे एक शाखा. मोजणी एकाच बाजूची करावी. दोन्ही बाजू मिळवल्या की उत्तर दुप्पट येते, आणि सहलीत हा गोंधळ नेहमी होतो. तीन, पाच, सात, नऊ अशा विषम संख्या नेहमी आढळतात. पानावेलींची पत्रशाखा, आकृत्यांची रूपशाखा, खांबासारखी उठावदार स्तंभशाखा, वेटोळ्यांची नागशाखा अशी त्यांची नावे आहेत. पायथ्याशी द्वारपाल असतात, आणि अनेक ठिकाणी मकरावरील गंगा व कासवावरील यमुना. अंबरनाथचे १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिर आणि सिन्नरचे गोंदेश्वर येथे गर्भगृहासमोर उभे राहून हे पाहता येते. शिल्पग्रंथांत उंबऱ्याला ‘उदुंबर’ म्हणतात.

याहून जुन्या लेण्यांत बाह्या कधी सरळ नसून वर एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. बिहारमधील बराबर टेकड्यांतील लोमस ऋषी लेण्याचे दार असेच वर अरुंद आहे. लाकडी बांधकामाची ती दगडातली नक्कल आहे.

१६. चोरापासून संरक्षणासाठी कुलूप भारी घेतले. पुरेसे आहे का?

कुलूप ज्या बाहीत शिरते ती फाटली तर कुलूप शाबूत राहूनही दार उघडते. कुलपाच्या पट्टीला येणारे अर्ध्या-पाऊण इंचाचे स्क्रू काढून तीन इंचांचे घालावेत आणि तेथे होल्डफास्ट येईल अशी उंची आधीच ठरवावी. किल्ल्यांच्या दरवाज्यांमागे भिंतीत अडसराची चौकोनी भोके आजही दिसतात. अडसर बाहीत न अडकवता थेट चिरेबंदीत सरकवत, त्यामुळे धक्का भिंत घेत असे.

१७. वाड्याची जुनी नक्षीदार चौकट नव्या घराला बसवायची आहे. काय सांभाळावे?

प्रथम उंची मोजावी. जुनी दारे वाकून जाण्याइतकी ठेंगणी असतात. उंची वाढवायची असेल तर बाहीला लाकूड न जोडता दोन्ही बाह्यांखाली सारख्या उंचीचे घडीव दगड द्यावेत. उंबरठा असेल तर तोही बाह्यांसोबत उचलावा लागेल. कापण्या-घासण्याआधी लाकडातील मोडके खिळे चुंबकाने शोधावेत. तोरणाच्या खिळ्यांची वरची टोके तुटून आत राहिलेली असतात आणि करवतीचे दात तीच घालवतात.

फळ्या खुंट्यांवर फिरणाऱ्या असतील तर त्या तशाच ठेवाव्यात. त्यांना बिजागऱ्या लावल्या की आजवर उंबरठ्यावर असलेले जड वजन एका दिवसात दीडशे वर्षे जुन्या बाहीवर येते, आणि सुतार कितीही चांगला असला तरी त्या लाकडात स्क्रूच्या ओळीतून उभी चीर जाण्याची भीती असते. खालची खुंटी झिजली असेल तर तिला पितळेची टोपी बसवावी. खळगा रुंद झाला असेल तर तेवढाच भाग कापून नवा ठोकळा घालावा. जेथे मूळ खुंटीच उरलेली नाही आणि बिजागरीशिवाय इलाज नाही, तेथे जुन्या बाहीच्या मागे भिंतीत लोखंडी नळीचा उभा पक्का करून बिजागरीचे बोल्ट त्यात न्यावेत. जुनी बाही मग पुढे नुसती दिसण्यापुरती राहते.